कोऱ्या कॅनव्हासपासून मुंग्यांच्या पडद्यापर्यंत

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकाचे मुखपृष्ठ ठरविण्यासाठी भरलेली बैठक दोन तास चालली आणि निर्णयाविना संपली. संपादक मंडळातल्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर चाळीस चित्रे आणली होती. ठाण्याच्या मासुंदा तलावातून उगवलेला रेल्वेचा इंडिकेटर, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या बुरुजातून बाहेर झेपावणारा अजस्र मासा, डोंबिवलीच्या फलाटावर लोकलची वाट पाहणारी, माणसांच्या जागी नुसत्या छत्र्यांची रांग. चित्रे सफाईदार होती. एकदोन तर पाहताक्षणी थबकायला लावणारी होती. रात्री जेवण झाल्यावर अर्ध्यापाऊण तासात ती तयार झाली, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. "यातलं तुझं कोणतं?" असे आमच्यापैकी एकाने विचारले. "सर, सगळीच," तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाला, "किंवा एकही नाही. तसं म्हटलंत तरी चालेल."

या उत्तराने आम्हांला निरुत्तर केले. आम्ही मराठीचे अध्यापक. 'अतिवास्तववाद' ही संज्ञा आम्ही वर्षानुवर्षे साहित्यसमीक्षेच्या पेपरात शिकवीत आलो आहोत: १९२४ सालचा आंद्रे ब्रेताँचा जाहीरनामा, फ्रॉइडची नेणीव, स्वप्न, स्वयंचलित लेखन, पाच गुणांची टीप. परंतु अतिवास्तव प्रतिमा 'घडते' कशी, तिच्यासाठी कोणती हत्यारे लागतात, हा प्रश्न आम्ही वर्गात कधी विचारल्याचे स्मरत नाही. त्या मुलाच्या उत्तरामुळे तो विचारणे भाग पडले.

वस्तुतः अतिवास्तववाद्यांना तंत्राचे वावडे कधीच नव्हते. मॅक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये जुन्या लाकडी फळ्यांवर कागद ठेवून त्यावर शिसे घासले आणि उमटलेल्या रेषांत त्याला अरण्ये, पक्षी, श्वापदे दिसू लागली. जुन्या छापील पुस्तकांतली कोरीव चित्रे कापून, एकमेकांना चिकटवून त्याने संपूर्ण चित्रकादंबऱ्या रचल्या. कागदाची घडी घालून एकाने डोके, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय काढायचे आणि शेवटी घडी उलगडायची, हा त्या मंडळींचा आवडता खेळ होता. या सर्व युक्त्यांमागे एकच धडपड दिसते: कलावंताच्या इच्छेला थोडे बाजूला सारून अपघाताला वाट करून द्यायची. मात्र हा अपघात घडण्यासाठी काहीतरी आडवे यावे लागे. लाकडाच्या शिरा, कागदाची घडी, कात्रीची धार. त्या अडथळ्याशी झटताना हाताला जे अनपेक्षित गवसे, तेच चित्र होई.

आपल्याकडे अशक्य दृश्य घडविण्याची कला या वादाच्या कितीतरी आधीपासून होती, हेही नोंदवले पाहिजे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण, शिळाछपाई, ठसे तयार करणे आणि जादूचे प्रयोग, या सर्वांतून गेले होते. आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादू करीत. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) यांतली चमत्कारदृश्ये कॅमेरा मध्येच थांबवून आणि एकाच फिल्मवर दोनदा प्रकाश पाडून साधलेली आहेत. 'कालिया मर्दन'च्या आरंभी फाळक्यांची कन्या मंदाकिनी प्रेक्षकांसमोर येते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. हे अतिवास्तव नव्हे. फाळक्यांना प्रेक्षकाची श्रद्धा हवी होती, त्याची अस्वस्थता नको होती. पण दोन प्रतिमांना एका चौकटीत विरघळवण्याची कारागिरी मराठी माणसाच्या हाती तेव्हाच आली होती, आणि ती अतिशय कष्टाची होती. एकाच पट्टीवरचा दुसरा प्रकाशपात चुकला, की पहिलाही वाया जाई.

मग मराठीत अतिवास्तव आधी चित्रात न येता कवितेत का आले? मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ च्या. पुढच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृतींनी 'शब्द' हे अनियतकालिक काढले, ते चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल केलेले. कोलटकर तर जे. जे. मध्ये शिकलेले, पुढे जाहिरातक्षेत्रात नावाजलेले दृश्यकलावंत. तरी त्यांच्या आरंभीच्या स्वप्नवत, विसंगत प्रतिमा आपल्यापर्यंत शब्दांतून पोचल्या. याची वाङ्मयीन कारणे पुष्कळ सांगता येतील आणि ती आम्ही सांगतही असतो. एक साधे कारण मात्र राहून जाते. चित्र छापायचे तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे, आणि ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर मोजले जात. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर टंकयंत्राची अक्षरे उमटत, फार तर ओबडधोबड रेघ उमटे. छायाचित्राच्या छटा उमटत नसत. खिशात पैसे नसलेल्या तरुणांना अशक्य दृश्य दाखवायचे असेल, तर सर्वांत स्वस्त माध्यम शब्द हेच होते. हा आमचा तर्क आहे. समीक्षेच्या एखाद्या परिसंवादात तो फारसा टिकणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु छापखान्याचे बिल ही वाङ्मयेतिहासातली एक उपेक्षित संहिता आहे, असे आम्हांला अनेकदा वाटते.

याच काळात दिवाळी अंकांत एक निराळाच प्रयोग चालू होता. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या 'आवाज'ची खिडकीचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती समजावून सांगायला नकोत. आजच्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो: पानाला एक भोक पाडलेले असे आणि त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसे. पुढच्या चित्राच्या संदर्भात तो तुकडा काहीतरी चावट सुचवी. पान उलटले की मागे निघे एखादे अगदी निरुपद्रवी दृश्य, आणि वाचक स्वतःच्याच मनाला पकडला जाई. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासूनच्या संस्थेशी ज्यांचा घरोबा आहे, त्या आमच्या पिढीने असे अंक आधी चोरून आणि पुढे 'अभ्यास' म्हणून पाहिले. गंमत सोडून द्या. पण एकच आकृती दोन वास्तवांत एकाच वेळी नांदते, हे तत्त्व अस्सल अतिवास्तवाचे आहे, आणि पुढे संगणकाने ज्याला 'लेयर' म्हटले, तो थर इथे कागदाचाच आहे. तो बोटाने उलटावा लागे, एवढाच फरक.

चित्रकलेत या वाटेवर सर्वांत दूरवर गेले ते प्रभाकर बरवे (१९३६–१९९५). अलिबागजवळच्या नागावात जन्म, जे. जे. मध्ये शिक्षण, मग वीव्हर्स सर्व्हिस सेंटरची नोकरी आणि त्या निमित्ताने काही वर्षे बनारसला वास्तव्य. त्यांना अतिवास्तववादी म्हणावे की नाही, यावर मतभेद आहेत; आम्ही ती चिठ्ठी त्यांच्यावर चिकटवणार नाही. परंतु त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा रोजच्या वस्तू आपापले नेहमीचे आकारमान आणि संदर्भ सोडून एका विस्तीर्ण सपाट अवकाशात येऊन थांबतात. त्यांच्या सावल्याही त्यांना अनेकदा सोडून गेलेल्या असतात. पाहणाऱ्याला जे हलवते, ते या वस्तूंमधले अंतर. फळ आणि घड्याळ यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तिच्यात काहीतरी घडून गेले आहे किंवा घडायचे आहे.

ही मोकळी जागा बरव्यांनी एनॅमल रंगात रंगवली. एनॅमल म्हणजे आपण कपाटांना आणि खिडक्यांच्या गजांना लावतो तो रंग. तो आपल्या मर्जीने पसरतो, चकाकतो, आणि एकदा धरला की सहज मागे फिरत नाही. चित्रकाराला त्याच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात. बरव्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात आपल्या निर्मितिप्रक्रियेचे जे चिंतन केले, ते मराठी गद्याचाही एक उत्तम नमुना आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ते चित्रकलेचे पुस्तक म्हणून बाजूला ठेवू नये. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरले होते. तिथे त्यांच्या दैनंदिन्याही मांडल्या होत्या. एका प्रतिमेपर्यंत पोचण्यासाठी हा माणूस किती लिहीत होता, किती खोडत होता, हे पाहून आमच्यापैकी एकाने परतीच्या कल्याण लोकलमध्ये मुलुंडपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

'कोरा कॅनव्हास' ज्या वर्षी आले, त्याच १९९० मध्ये, फेब्रुवारीत, टॉमस आणि जॉन नोल या अमेरिकी बंधूंनी तयार केलेले फोटोशॉप बाजारात आले. हा केवळ योगायोग आहे. त्याला अर्थ चिकटवायचा मोह आम्ही आवरतो. १९९४ च्या आवृत्तीत त्यात थर आले. १९९८ च्या आवृत्तीत मागच्या अनेक पायऱ्या एकामागून एक रद्द करण्याची सोय आली. तोवर एकच पाऊल मागे घेता येत असे. आमच्या मते डिजिटल कलेच्या इतिहासातली खरी क्रांती ही. एनॅमल मागे फिरत नाही, फाळक्यांची फिल्म मागे फिरत नाही. आता सगळेच मागे फिरू लागले. चूक परवडू लागली, तशी चुकीची किंमतही गेली.

हे स्थित्यंतर कलादालनांत शोधण्याआधी आमच्या परिसरातल्या फोटो स्टुडिओंत शोधावे. डोंबिवली पूर्वेतल्या एका जुन्या छायाचित्रकारांशी आम्ही यासाठी बोललो. लग्नाच्या अल्बममध्ये नवऱ्याच्या तळहातावर उभी असलेली नवरी, गुलाबाच्या फुलात दिसणारे वधूवरांचे चेहरे ही दृश्ये ते १९८० च्या दशकात काळ्या कागदाचे मास्क कापून, अर्धी भिंग झाकून, फिल्म पुढे न सरकवता दोनदा खटका दाबून काढीत. रोल छत्तीस फोटोंचा. फसले तर रोल धुऊन येईपर्यंत कळायचे नाही, आणि लग्न काही पुन्हा लागायचे नाही. एकदा मास्क किंचित सरकला आणि नवरीच्या कपाळातून समईची ज्योत उगवली. घरच्यांनी तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला, असे ते हसत सांगत होते. पुढे २००० नंतर करिझ्मा अल्बम आले, आणि त्यांच्या पानांचे तयार साचे सीडीवर विकत मिळू लागले. ढग, कमानी, हंस, धबधबा सगळे आयते. फक्त चेहरे बसवायचे. "तेव्हापासून समई कुणाच्या कपाळात गेली नाही," हे त्यांचे वाक्य आम्ही वहीत टिपून घेतले.

फ्लेक्सबद्दल काय लिहावे? हाताने फलक रंगविणाऱ्या पेंटरांची दुकाने त्याने बंद पाडली, ही कथा सर्वश्रुत आहे. पण ठाण्यातल्या कुठल्याही नाक्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक नीट पाहावा: मध्यभागी राक्षसी आकाराचा हसरा पुरुष, मागे उगवता सूर्य आणि झेप घेणारा वाघ, खाली धडाविना तरंगणारी वीसपंचवीस मस्तके, प्रत्येकाचे आकारमान त्याच्या पदानुसार. अर्न्स्टने हे पाहिले असते तर टोपी काढली असती. इथे फक्त कुणाला आश्चर्य वाटत नाही, आणि आश्चर्य वाटत नाही तिथे अतिवास्तव संपलेले असते. हत्यार सर्वांच्या हाती आले की अशक्य दृश्य ही सजावट होते.

आता त्या मुलाच्या चाळीस चित्रांकडे येऊ. २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'डीपड्रीम' नावाचा एक प्रयोग जाहीर केला. चित्रांतल्या वस्तू ओळखायला शिकवलेल्या यंत्राला त्यांनी उलट कामाला लावले: तुला जे अंधुक दिसते, तेच अधिक ठळक कर. यंत्राला ढगांत, झाडांत, माणसांच्या चेहऱ्यांत जिकडे तिकडे कुत्री आणि डोळे दिसू लागले. अर्न्स्टला फळीत अरण्य दिसले त्यासारखेच हे वाटते. पण याला कुत्रीच का दिसावीत? कारण त्याला ज्या चित्रसंग्रहावर शिकवले होते, त्यात कुत्र्यांच्या जातींचा भरणा फार मोठा होता. यंत्राला नेणीव असलीच तर ती ही: त्याला जे खाऊ घातले ते. जानेवारी २०२१ मध्ये शब्दांवरून चित्र काढणारे 'दाल-ई' आले. त्याच्या नावात साल्वादोर दाली आणि एका चित्रपटातला यंत्रमानव यांची सांधेजोड आहे, यावरून त्याच्या जनकांना काय सुचवायचे होते ते दिसते.

२०२२ पासून रूढ झालेल्या यंत्रांची रीत मात्र खरोखर विलक्षण आहे. दूरदर्शनच्या जुन्या संचावर प्रक्षेपण तुटले की पडद्यावर 'मुंग्या' येत, ते वाचकांना आठवत असेल. ही यंत्रे तशाच मुंग्यांपासून सुरुवात करतात. त्या निव्वळ यादृच्छिक ठिपक्यांतून पायरीपायरीने गोंधळ वजा करीत, दिलेल्या शब्दांच्या दिशेने, ती चित्र काढतात. अपघातातून प्रतिमा काढायची हे अतिवास्तववाद्यांचे स्वप्न कधी नव्हे इतके शब्दशः इथे उतरले आहे. फरक दिशेत आहे. अर्न्स्टला घासताना ठाऊक नव्हते की काय उमटणार. यंत्र मुंग्यांतून निघते ते थेट शब्दाकडे, आणि शब्दाचा अर्थ म्हणून त्याच्याजवळ असते ती लाखो जणांनी आधी काढलेल्या चित्रांची सरासरी. त्याच्यापाशी कोरा कॅनव्हास असा नसतोच. रिकामी जागा मागितली तरी ते भरून देते. बरव्यांच्या फळाघड्याळामधल्या अंतरासारखे काही मिळते का, हे आम्ही पुष्कळ वेळा करून पाहिले. दर वेळी मध्ये धुके, पक्षी, नाहीतर क्षितिजावरची किरणे आली.

आणि ही सरासरी कुणाची? या यंत्रांपैकी एक सर्वपरिचित प्रणाली ज्या साठ्यावर शिकली, त्या 'लायन'च्या संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकुराच्या जोड्या होत्या. त्यांपैकी इंग्रजी मजकुराच्या सुमारे २३० कोटी, आणि त्या प्रणालीचे शिक्षण मुख्यतः याच भागावर झाले. मराठीच्या अध्यापकांना याचा अर्थ फार समजावून सांगावा लागू नये. आम्ही एका यंत्राला 'देवळीत जळणारा पाऊस' असे लिहून दिले. भिंतीतल्या देवळीऐवजी त्याने आख्खे देऊळ उभे केले, आणि तेही दाक्षिणात्य गोपुराचे. 'पाटा-वरवंटा' म्हटल्यावर एका चित्रात शेगडी आली, दुसऱ्यात दगडी कमळ. मग आम्ही त्या विद्यार्थ्याचे माशाचे चित्र पुन्हा उघडले. दुर्गाडीचा बुरूज दुर्गाडीचा नव्हताच. युरोपातल्या कुठल्यातरी परीकथेतला उंच निमुळता मनोरा होता. आम्ही, कल्याणला आयुष्य काढलेली माणसे, दोन तास त्याकडे पाहत होतो आणि ते आमच्या ध्यानात आले नव्हते. ही गोष्ट आम्हांला त्या मुलाच्या आळसापेक्षा अधिक लागली. दुसऱ्याच्या स्वप्नात आपल्या गावाचे नाव वाचून आम्ही खूश झालो होतो.

पुढच्या बैठकीत हे सारे आम्ही त्याला सांगितले. उपदेश केला नाही, बुरूज दाखवला. तो बराच वेळ चित्र मोठे करून पाहत राहिला, मग म्हणाला, "आठ दिवस द्या."

आठ दिवसांनी त्याने एकच छायाचित्र आणले. त्याच्या आजीचा वरवंटा घरात दाराला अडसर म्हणून पडलेला असे. तो पाठपिशवीत घालून मुलगा पावसाळ्यातल्या एका रात्री शेवटच्या लोकलने कर्जतच्या दिशेने गेला, बदलापूरनंतर डबा रिकामा होत आला तेव्हा खिडकीजवळच्या आसनावर तो त्याने उभा ठेवला आणि समोर बसून फोटो काढले. एकशे बारा फोटो, त्यांतून हा एक. ओल्या काचा बंद, वर ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, निळ्या आसनावर काळा दगड, शेजारची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेने आम्ही सगळे गप्प झालो.

तिथे खरे तर एक प्रवासी झोपलेला होता. त्याला आपण मोबाइलवर बोटाने पुसून टाकले, हे मुलाने न विचारताच सांगितले. यावरून आमच्यात पुन्हा दोन तट पडले. एकाच्या मते पुसणे हीही निवडच, बरवेही खोडतच होते. दुसऱ्याच्या मते तो झोपलेला माणूस ठेवला असता तर चित्र अधिक खरे आणि अधिक विचित्र झाले असते. वाद रंगात आला असताना तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मागच्या बाकावरून उठून फोटोपाशी आली आणि तिने काचेकडे बोट दाखवले. आसनावरचा माणूस गेला होता. ओल्या काचेतले त्याचे प्रतिबिंब, छातीवर कललेली मान आणि मांडीवरचा डबा, तसेच राहिले होते. यंत्राच्या नजरेतून ते सुटले होते, आणि त्या मुलाच्याही.

तो ते पुसायला निघाला होता. आम्ही सर्वांनी, एरवी कशावरही एकमत न होणाऱ्यांनी, त्याचा हात धरला. मुखपृष्ठ त्या प्रतिबिंबासकट छापले गेले.